बसलेले मूल आणि शिकणारे मूल

मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांची नावे छापली जातात, त्यांचा सत्कार होतो, टाळ्या वाजतात. ते योग्यच आहे. परंतु पहिली ते चौथीची मुले या यादीत कधीच नसतात, आणि जी मुले दहावीपर्यंत पोहोचलीच नाहीत त्यांची यादी तर कोणीच छापीत नाही. कार्यकर्त्यांनी यंदा आम्हाला "काहीतरी शैक्षणिक लिहा" असे सांगितले, तेव्हा लहान मुलांचे वर्गात लक्ष का लागत नाही व ते कशाने लागते, या एकाच गोष्टीवर लिहावयाचे आम्ही ठरविले.

आमची पात्रता आधीच सांगून टाकतो. आम्ही बँकेत लिपिक आहोत. कला शाखेची पदवी आहे, डी.एड., बी.एड. काही नाही. गेली सहा वर्षे बँक सुटल्यावर समाज मंदिरात संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळात पहिली ते चौथीच्या मुलांची अभ्यासिका चालवितो. सोबत महाविद्यालयातील दोन-तीन मुले-मुली असतात. पुढे जे लिहिले आहे त्यात पुस्तकातून शिकलेले थोडे आणि चुकांतून शिकलेले जास्त आहे.

त्यातली सर्वांत मोठी चूक पहिल्यांदा सांगतो. अभ्यासिकेच्या दुसऱ्या वर्षी चौथीतला एक मुलगा येत असे. शांत, वेळेवर येणारा, कोणाशी भांडण नाही. त्याची वही इतकी देखणी की आम्ही ती इतर मुलांना मुद्दाम दाखवीत असू. फळ्यावर लिहिलेले तो काना-मात्रा न चुकविता उतरवून घेई. एका संध्याकाळी वीज गेली. फळा दिसेना, म्हणून आम्ही मोबाईलची बॅटरी लावून त्याला पुस्तकातला धडा मोठ्याने वाचावयास सांगितले. त्याने घडाघडा वाचला. मध्येच आमचे लक्ष त्याच्या बोटाकडे गेले. तोंडून धडा चालला होता एक आणि बोट होते भलत्याच पानावर! धडा पाठ होता. वाचता येत नव्हते. चार वर्षे त्याने अक्षरांची चित्रे काढली होती.

यावर आम्ही काय करावे? सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, चौथीत आलास आणि वाचता येत नाही?" मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून तो यायचा बंद झाला. आठ-दहा दिवसांनी घरी गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "भाऊ, सांज झाली का याचं पोट दुखते." त्याचे पोट दुखत नव्हते, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हालाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. वर्गात बसलेले मूल आणि वर्गात शिकत असलेले मूल दिसावयास अगदी सारखे असते. शिकविणारा तीन गोष्टींवरून समाधान मानून घेतो : वर्ग शांत आहे, वह्या पूर्ण आहेत, आणि "समजलं का?" असे विचारल्यावर "होऽऽ" असा एकसुरी आवाज येतो. या तिन्ही गोष्टी फसव्या आहेत. शांतता भीतीचीही असते. वही ही हाताची करामत असू शकते. आणि "होऽऽ" या आवाजात ज्याला काहीच समजलेले नाही त्याचाच सूर पुष्कळदा सर्वांत वर असतो. जे मूल चुळबूळ करते, शेजाऱ्याला चिमटा काढते, सारखे पाणी प्यावयास जाते, ते तरी आपल्याला काहीतरी सांगत असते. गप्प बसलेले मूल काहीच सांगत नाही आणि म्हणून हातून निसटते.

हे निसटणे आपल्या समाजाला नवे नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा मांडला होता. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, असे त्यांनी सभागृहाला दाखवून दिले. शाळेत आलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आज पटावर नाव नसलेले मूल क्वचितच सापडते, चौथीतही बहुतेक सगळी पोहोचतात. परंतु 'असर' या सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून किंचित कमी मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे पूर्वी मुले शाळेच्या दारातून बाहेर गळत, आता वर्गात बसल्या जागी गळतात. पूर्वीची गळती निदान मोजता येत होती.

लक्ष न लागण्याचे पहिले कारण आम्हाला असे दिसते की, धडा एका ठिकाणी असतो आणि मूल दुसऱ्याच ठिकाणी. ज्याला जोडाक्षर वाचता येत नाही त्याच्यासमोर चौथीचा परिच्छेद ठेवला तर त्याने लक्ष द्यावयाचे तरी कशाकडे? आपणास कोणी तामीळ वर्तमानपत्र दिले आणि तासभर मन लावून पाहा म्हटले, तर आपणही पंख्याकडेच बघू. म्हणून आता नवे मूल आले की आम्ही इयत्ता विचारण्याआधी त्याला एकट्याला बाजूला बसवून चार गोष्टी पाहतो : सुटी अक्षरे येतात का, शब्द येतात का, सोपा परिच्छेद वाचता येतो का, आणि छोटी गोष्ट वाचता येते का. ही चाचणी आमची नव्हे. 'असर'चे कार्यकर्ते २००५ पासून घरोघरी अशीच चाचणी घेत आले आहेत. एका मुलाला पाच मिनिटे पुरतात. त्यानंतर भाषेच्या अर्ध्या तासापुरते इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट करावयाचे. 'प्रथम' संस्थेने ही पद्धत अनेक राज्यांतील शाळांत राबविली आहे. अक्षरांच्या गटाला कार्डे, शब्दांच्या गटाला बाराखडीचे तक्ते, वाचणाऱ्यांना गोष्टीची पुस्तके.

यात अडचणी येतात. "माझा चौथीतला पोरगा दुसरीतल्या पोरांत काहून बसवला?" असे विचारणारे पालक आले, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. आम्ही गटांना गुलाब, मोगरा, जाई अशी नावे देऊन पाहिली. मुलांना दोन दिवसांत कळले की कोणता गट कच्चा आणि कोणता पक्का. मुलांना फुलांच्या नावांनी फसविता येत नाही. शेवटी उपाय साधा निघाला. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पुन्हा चाचणी घ्यावयाची आणि गट बदलावयाचा. आपण कायमचे येथे नाही, हे मुलाला दिसले की कमीपणा उरत नाही. मोठ्या मुलाकडे कार्डे वाटण्याचे, मोजून परत घेण्याचे काम दिले की त्याचा मानही राहतो.

दुसरे कारण पाळीचे. हे आम्हाला बँकेच्या सवयीमुळे सापडले. एक दिवस आमच्यासोबत शिकविणाऱ्या मुलीला आम्ही म्हटले, तू आज शिकवू नकोस, मागे बस आणि आम्ही कोणाला किती वेळा प्रश्न विचारतो त्याच्या रेघा ओढ. तासाच्या शेवटी कागद पाहिला तर सगळ्या रेघा पाच-सहा नावांपुढे जमा झालेल्या. दारापाशी, चपलांच्या बाजूला बसणाऱ्या मुलांपुढे एकही रेघ नाही. आम्ही स्वतःला समदृष्टीचे समजत होतो! आमच्या लहानपणीच्या शाळेत गुरुजी पहिल्या दोन रांगांनाच प्रश्न विचारीत आणि आम्ही मागे बसून त्याचा राग करीत असू. तेच आम्ही येथे करीत होतो.

जागा ही क्षुल्लक बाब नाही, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत शिकत असताना त्यांना वर्गातील इतर मुलांमध्ये आपल्या क्रमांकाप्रमाणे बसता येत नव्हते. कोपऱ्यात एकट्याने, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्या गोणपाटाला शिवत नसे, म्हणून ते रोज घरी न्यावे लागे. त्या कोपऱ्यामागे अस्पृश्यता होती. आमच्या सभागृहातील दाराजवळच्या कोपऱ्याची तिच्याशी तुलना आम्ही करणार नाही. तरीपण कोपरा म्हणजे काय असते हे ज्या समाजाला माहीत आहे, त्याने स्वतःच्या अभ्यासिकेत कोपरा राहू देऊ नये एवढे तरी खरे. आता आमच्याकडे रांगा नाहीत, मुले अर्धगोलात बसतात आणि जागा रोज बदलतात.

प्रश्नासाठी आम्ही बिस्किटांचा पत्र्याचा डबा केला. बँकेतील रद्द झालेल्या, कोऱ्या स्लिपांच्या पाठीवर मुलांची नावे लिहून त्यात टाकली. (एटीएम आणि मोबाईलमुळे पैसे काढण्याच्या स्लिपा आता फार कमी खपतात. आमच्या डब्याला त्याचा फायदा झाला.) प्रश्न आधी सर्वांना विचारावयाचा, मनात पाच आकडे मोजावयाचे, मग चिठ्ठी काढावयाची. क्रम महत्त्वाचा आहे. नाव आधी घेतले की बाकीची सगळी मुले सुटकेचा श्वास सोडतात आणि विचार करणे थांबवितात. आणि ते पाच आकडे मोजणे फार अवघड जाते. शिकविणाऱ्याला शांतता सहन होत नाही, तो तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देऊन मोकळा होतो. आम्ही अजूनही देतो.

चिठ्ठीपेक्षाही चांगले साधन म्हणजे आपली जुनी पाटी. प्रश्न विचारला की सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहावयाचे आणि "वर" म्हटले की एकदम वर करावयाचे. एका दृष्टिक्षेपात वीस उत्तरे दिसतात. कोणी लिहिले नाही, कोणी शेजाऱ्याचे पाहून लिहिले, तेही दिसते. चुकले तर पुसून टाकता येते, वहीतल्या लाल खुणेसारखे ते राहत नाही. पाट्या कालबाह्य झाल्या असे समजून आपण त्या माळ्यावर टाकल्या. सभासदांनी त्या खाली काढून अभ्यासिकेकडे पाठवाव्यात.

तिसरे कारण भाषेचे, आणि ते आपल्या विदर्भात विशेष. मूल घरी "मले पानी पायजे" असे म्हणते. वर्गात तसे म्हणाले की शिकविणारा तत्काळ दुरुस्त करतो, "मले नाही, मला." वर्ग हसतो. असे चार वेळा झाले की मूल बोलणेच सोडते. उत्तर येत असले तरी ते कोणत्या भाषेत द्यावे याच्या धास्तीने हात वर करीत नाही. प्रमाण मराठी शिकविली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही, पुढे परीक्षा त्याच भाषेत आहे. परंतु मूल उत्तर देत असताना ते उत्तर ऐकावे, भाषा नंतर पाहावी. आम्ही आता मुलाच्या वाक्याला "बरोबर" म्हणतो आणि तेच वाक्य प्रमाण मराठीत स्वतः फळ्यावर लिहितो. दोन्ही म्हणून घेतो. मुले या दोन भाषांची अदलाबदल करण्यात लवकर तरबेज होतात. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना प्राथमिक शाळांतील शिक्षक प्रशिक्षित तर असावेतच, शिवाय शेतकरी वर्गातून आलेले, लोकांत मिसळणारे, त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, असे मागितले होते. आपणच या मुलांचे काका-मामा असताना त्यांच्या बोलीला हसावे हे शोभत नाही.

गणिताविषयी मात्र आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत, कारण तो आमच्या पोटापाण्याचा प्रांत आहे.

मराठी आकड्यांची नावे लहान मुलांना फार छळतात. 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना पाच आधी लिहावे लागतात. मूल ३५ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस' मध्ये तीस ऐकू येते, म्हणून ३९ लिहिले जाते. हा निष्काळजीपणा नव्हे, ते कानावर विश्वास ठेवते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! विधिमंडळापासून पानठेल्यापर्यंत सर्वांनी थट्टा केली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर होत्या. मुलांची अडचण कमी व्हावी एवढाच त्यामागे हेतू होता. आपण ती नावे बाजारात वापरणार नाही, हे खरे. पण शिकविताना 'पन्नास आणि तीन, म्हणजे त्रेपन्न' असे जोडीने म्हणून घेतले तर काय बिघडते? आमच्याकडे तसे केल्यावर ही चूक पुष्कळ कमी झाली.

आता वजाबाकी. ५२ मधून २७ वजा करा म्हटले की निम्मी मुले ३५ लिहितात. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मोठ्यातून लहान काढावयाचे एवढेच त्यांना ठाऊक असते, वर कोण आणि खाली कोण याचा पत्ता नसतो. 'हातचा' हा शब्द मंत्रासारखा पाठ असतो, त्याचा अर्थ नसतो. आम्ही यासाठी बँक उघडली. जुन्या लग्नपत्रिका कापून एक, दहा आणि शंभरच्या नोटा केल्या. एक मूल रोखपाल, एक खातेदार, एक 'सुट्टे' काउंटरवर. रोखपालाच्या पेटीत दहाच्या पाच आणि एकच्या दोन नोटा आहेत. खातेदार सत्तावीस रुपयांची स्लिप देतो. दहाच्या दोन देता येतात, एकच्या सात कोठून आणावयाच्या? रोखपाल उठतो, दहाची एक नोट घेऊन सुट्टे काउंटरवर जातो, एकच्या दहा आणतो. आता त्याच्याकडे दहाच्या चार आणि एकच्या बारा. सत्तावीस दिले, पेटीत पंचवीस उरले. मग तेच फळ्यावर मांडावयाचे आणि विचारावयाचे, सुट्टे आणावयास गेलास ते येथे कोठे दिसते? मुले पाचाच्या डोक्यावरच्या चाराकडे बोट दाखवितात.

या खेळात कोणाला गप्प बसविता येत नाही आणि बसवावे लागतही नाही. रांगेतली मुले रोखपालाची चूक पकडण्यासाठी डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. दिवसअखेर पेटी जुळली पाहिजे, असा नियम आहे. जुळली नाही तर कोणी घरी जावयाचे नाही. आमच्या शाखेत पूर्वी हाच नियम होता आणि आमच्या कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या आहेत, तेव्हा मुलांबरोबर थोडा सूड घेतो असे म्हणा.

गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. गिजुभाई बधेका मूळचे वकील, नंतर गुजरातेत भावनगरला बालशिक्षणात पडले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक चौथीच्या वर्गावर पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहाने शांततेचा खेळ घेतो आणि मुले मांजराचे आवाज काढून त्याची फजिती करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगावयास सुरुवात करतो आणि वर्ग त्याचा होतो. नव्याने शिकवू पाहणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी हे पुस्तक अवश्य वाचावे, निदान पहिल्या दिवशीची फजिती सर्वांचीच होते हे कळेल. आम्ही शेवटची दहा मिनिटे गोष्ट वाचून दाखवितो आणि नेमकी अशा ठिकाणी थांबवितो की मुले ओरडतात. पुस्तक तेथेच टेबलावर उघडे ठेवतो. पुढचे काय झाले हे पाहण्यासाठी ज्याला थोडेफार वाचता येते तो त्यावर वाकतोच. मोबाईलवरची गाणी-चित्रे दाखवून मुले स्तब्ध बसतात, हे आम्ही करून पाहिले आहे. ती बसतात, एवढेच.

बाकी किरकोळ गोष्टी अनुभवाने कळतात. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त एकच काम चालवू नये. साडेसहाला आलेले मूल भुकेले असते, मूठभर फुटाणे दिले तर अर्धी चुळबूळ थांबते. मारणे तर नाहीच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळालाही बंदी केली आहे. सर्वांसमोर आम्ही त्या मुलाला जे बोललो ते याच कलमात बसते असे आमचे मत आहे.

हे वाचून शाळेतील गुरुजनांवर कोणी राग धरू नये. त्याच कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरविले आहेत. म्हणजे लहान गावात चार इयत्ता आणि दोन शिक्षक. एका इयत्तेला शिकवीत असताना शेजारची इयत्ता उतारा उतरवीत बसणारच. वर जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती. आमच्यापुढे वीस-पंचवीस मुले आणि दीड तास, आम्ही त्यांना कोणत्या तोंडाने शहाणपण सांगावे? १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केले तेव्हा मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणवाडी पाड्यावर नेली. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. शाळेला जे जमत नाही त्यातले थोडे वस्तीने उचलावे, एवढ्याच अर्थाने आमची अभ्यासिका आहे.

त्या मुलाचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. आम्ही त्याच्या घरी तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी त्याला म्हटले, आमचे चुकले, आणि बँकेचा खेळ सुरू केला आहे, त्यासाठी नोटांवर आकडे काढावयाचे आहेत, तुझ्याइतके सुबक कोणाचे येत नाहीत. तो आला. नोटा त्यानेच काढल्या, अजून त्याच वापरतो. अक्षरांच्या गटात बसावयास त्याने पहिले दोन आठवडे नकार दिला, आम्ही आग्रह केला नाही. वाचू लागण्यास पाच-सहा महिने लागले. आता तो आठवीत आहे, सावकाश वाचतो, गणितात बरा आहे. अक्षर मात्र पूर्वीइतके सुंदर राहिलेले नाही.

अभ्यासिकेत यंदा शिकविणारे दोघे कमी पडत आहेत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी यावे. पहिल्या दिवशी काही शिकवावयाचे नसते. मागे बसून, आम्ही कोणाला किती वेळा विचारतो त्याच्या रेघा कागदावर ओढावयाच्या आणि आठ वाजता तो कागद आम्हाला दाखवावयाचा.